कचऱ्याचं कंत्राट: बलुत्यापासून कोटेशनपर्यंत

मंडळी, आजचा विषय कचरा. जेवण झालं नसेल तर आधी जेवून घ्या, मग वाचा.

निमित्त अगदी साधं आहे. आमच्या सोसायटीत घरोघरचा कचरा उचलायचं काम नव्याने कंत्राटावर द्यायचं चाललंय. ९६ फ्लॅट, तीन कोटेशनं. फ्लॅटमागे महिन्याला ५५, ८० आणि ११० रुपये. कमिटीतल्या काकांनी तिन्ही कागद माझ्या हातात दिले, "तू आयटीवाला ना, एक्सेलमध्ये तुलना करून दे." आयटीवाल्याला जगात दोनच कामं येतात, एक्सेल आणि बंद पडलेला प्रिंटर चालू करणं, अशी ज्येष्ठांची ठाम समजूत असते. असो.

हापिसात आम्ही व्हेंडरची कंत्राटं तपासतो तसेच रकाने पाडले. दर किती, किती वाजता येणार, रविवारी येणार का, दांडी मारली तर दंड काय, नोटीस किती दिवसांची. सगळं व्यवस्थित भरलं. मग लक्षात आलं, की हे सगळे रकाने आपल्या दारापर्यंतच येऊन थांबतात. दाराच्या पलीकडच्या जगाबद्दल ५५ रुपयेवाल्याच्या कागदावर मोजून तीन ओळी होत्या. 'कामगारांची सर्व जबाबदारी कंत्राटदाराची राहील.' 'सुका कचरा ही कंत्राटदाराची मालमत्ता राहील.' आणि 'कचऱ्याची शास्त्रोक्त पद्धतीने विल्हेवाट लावली जाईल.'

माणूस, माल आणि मुक्काम. या तीन ओळींवर आपल्याकडे शंभराहून जास्त वर्षं भांडणं झाली आहेत. कायदे झाले, मोर्चे निघाले, रस्ते अडवले गेले. ती हकिगत माहीत असेल तर कोटेशन वेगळंच वाचता येतं. म्हणून हा विकांताचा उद्योग.

पहिली ओळ: माणूस

आमचं मूळ गाव सांगवी. पुण्यात हे नाव घेतलं की समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे औंधच्या पुढची ना?" नाही हो. ती पिंपरी-चिंचवडातली. आमची सांगवी बारामती तालुक्यातली, फलटण रस्त्यावरची, नीरेकाठची.

अशा गावात पूर्वी घरचा कचरा हा प्रश्नच नव्हता. राख, शेण, काडीकचरा, जनावरांचं उष्टं वैरण, सगळं उकिरड्यावर जायचं आणि उकिरडा पावसाळ्याआधी शेतात. प्रश्न होता तो सार्वजनिक घाणीचा. चावडी आणि वेस कोण झाडणार? मेलेलं जनावर कोण ओढून नेणार? याचं उत्तर गावगाड्याने बलुतेदारीत देऊन ठेवलं होतं. हे काम महारांचं. शिवाय सरकारी निरोप पोचवणं, वसुलाची रक्कम तालुक्याला नेताना सोबत जाणं, आलेल्या अंमलदाराची सरबराई करणं, शिवेच्या भांडणात साक्ष देणं हेही त्यांच्याकडेच. बदल्यात वतनाची थोडी जमीन (हाडकी-हाडोळा म्हणतात ती), सुगीला खळ्यावरचं धान्य, आणि ओढून नेलेल्या जनावरावरचा हक्क.

आमचं घर बलुतं देणाऱ्यांपैकी. आजोबा सांगायचे, "खळ्यावरनं कुणी रिकाम्या हातानं जायचा नाही." त्यांना ती व्यवस्था न्यायाची वाटायची. त्रिंबक नारायण आत्रे यांचं १९१५ सालचं 'गाव-गाडा' हे पुस्तकही याच विषयावरचं. त्यातला सूर बराचसा शेतकऱ्याच्या बाजूचा आहे, की एका कुणब्याच्या राशीवर किती जणांनी हात टाकायचा. थोडक्यात, देणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे कंत्राट महागच वाटत होतं. कंत्राट देणाऱ्याला ते कायमच महाग वाटतं, यात नवीन काही नाही.

घेणाऱ्याच्या बाजूने ते कसं दिसतं हे १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडलं. इंग्रजांनी १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्यात ही जुनी व्यवस्था बांधून ठेवली होती. बाबासाहेबांनी त्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक आणलं. त्यांचं म्हणणं आजही एखाद्या एसएलएच्या चिरफाडीसारखं वाचता येतं. कामाला तास नाहीत, रात्री-अपरात्री कधीही बोलावणं येतं. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचं, म्हणजे एका मोबदल्यात अख्खं कुटुंब बांधलेलं. आणि काम सरकारचं, पण मोबदला गावकऱ्यांच्या हातात. गाव रागावलं की बलुतं बंद. बाबासाहेबांची मागणी होती, की ज्यांना या कामातून सुटायचंय त्यांना पूर्ण सारा भरून जमीन ठेवू द्या आणि काम सोडू द्या. जे काम करतील त्यांचं बलुतं रोख रकमेत बदला. विधेयक पुरेशा पाठिंब्याअभावी मागे घ्यावं लागलं.

आपल्या धंद्यात 'व्हेंडर लॉक-इन' म्हणतात. एकदा एखाद्याचं सॉफ्टवेअर घेतलं की त्याच्यापासून सुटका नाही. इथे उलटं होतं. व्हेंडरच आत कोंडलेला, आणि कुलूप जातीचं. गाव मोबदला थांबवू शकत होतं, पण काम करणारा काम थांबवू शकत नव्हता. कंत्राट म्हणायला याला कंत्राट, पण बाहेर पडायचं कलम एकाच पक्षाला होतं.

१९५६ च्या धर्मांतराच्या आगेमागे गावोगावच्या लोकांनी मेलेली जनावरं ओढायला नकार दिला. अनेक ठिकाणी बहिष्कार सोसून दिला. मग कायदा आला. मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन अधिनियम, १९५८. त्याचा क्रमांक बघा, मुंबई राज्याचा १९५९ चा कायदा क्रमांक १. आणि त्याच वर्षीचा क्रमांक ३ कोणता? मुंबई ग्रामपंचायत अधिनियम! म्हणजे ज्या वर्षी जुना सफाईवाला कायद्याने मोकळा झाला, त्याच वर्षी गावाच्या सफाईची जबाबदारी ग्रामपंचायतीच्या कर्तव्यांच्या यादीत लिहिली गेली आणि त्यासाठी स्वच्छता कर घ्यायचा अधिकार तिला मिळाला. आज सांगवीसारख्या गावात घंटागाडी फिरवणं ग्रामपंचायतीचं काम समजलं जातं, ते या क्रमांक ३ मुळे. पण क्रमांक १ नसता तर त्या गाडीची गरज कुणाला वाटली असती का, हा माझा प्रश्न आहे. फुकट राबणारा माणूस हातचा गेला, तेव्हा कुठे सफाईला खर्च येतो हे हिशेबात दिसायला लागलं.

शहरात काय झालं? मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात एक कर चक्क 'हलालखोर टॅक्स' या नावाने होता. मैला वाहणाऱ्या माणसाचंच नाव कराला! पुढे तो मलनिस्सारण कर झाला. नाव सुधारलं, आणि माणूस कागदावरून दिसेनासा झाला.

पुढे तर तो कंत्राटदाराच्या मागे आणखीनच दडला. २०२५ पर्यंत लागू असलेला १९७० चा कंत्राटी कामगार कायदा सांगायचा, की काम कायमस्वरूपी असेल तर सरकार तिथली कंत्राटी पद्धत बंद करू शकतं. आता कचऱ्याइतकं कायमस्वरूपी काम कोणतं असेल तुम्हीच सांगा! तरी मुंबईत हजारो लोक वर्षानुवर्षं कंत्राटदाराच्या नावाने महापालिकेचा कचरा उचलत होते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने कोर्टात भांडण नेलं. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने सुमारे २,७०० कामगारांना महापालिकेचे कायम कामगार ठरवलं आणि एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल उचलून धरला. 'कामगारांची सर्व जबाबदारी कंत्राटदाराची' ही ओळ लिहिली म्हणजे आपण सुटलो असं नसतं, हे त्या निकालाने दाखवलं.

दुसरी ओळ: माल

आता पुण्यात येऊ. 'सुका कचरा ही कंत्राटदाराची मालमत्ता' ही ओळ निरुपद्रवी दिसते. आपण टाकून दिलेलं कुणी का नेईना! पण पुण्यात याच मुद्द्यावरून एक अख्खी संघटना उभी राहिली.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या पुण्यातल्या कचरावेचक बायका-मुलांसोबत काम करत होत्या. सुरुवात साक्षरतेपासून झाली. पण बायकांचा दिवस कचराकुंडीत हात घालण्यात जायचा, त्या शिकणार कधी? मग कल्पना निघाली, की कुंडीतून वेचण्याऐवजी घरातूनच वेगळा केलेला कचरा घ्यायचा. हात कमी घाण होतात, वेळ वाचतो, भंगाराला भाव बरा मिळतो. काही बायकांना ओळखपत्रं देऊन घरोघरी कचरा घेणं सुरू झालं.

आणि थोड्याच दिवसांत त्याच भागात एक उद्योजक गाडी घेऊन हजर! घरोघरी कचरा उचलतो, महिन्याला थोडे पैसे द्या. सोसायट्यांना अर्थातच बरं वाटलं. गाडी आहे, वेळेवर येते, टापटीप दिसते. बायकांच्या दृष्टीने मात्र तो आपला कच्चा मालच उचलून नेत होता. त्यांनी निदर्शनं केली, रहिवाशांना समजावलं, आणि ती योजना मागे पडली. पण आज हा गेला, उद्या दुसरा येईल, हे सगळ्यांना कळलं होतं. मे १९९३ मध्ये कचरावेचकांचा मेळावा झाला आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पाठीशी हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव होते. म्हणजे आमच्या कमिटीपुढे आज जो प्रश्न आहे, तोच प्रश्न तेव्हाच्या सोसायट्यांपुढे होता, आणि दारात येणाऱ्या बायकांशी बोलल्यावर त्यांचं उत्तर बदललं.

पुढे १९९६ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी कचरावेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. भंगार उचलणारी बाई चोर नाही, कामगार आहे, हे पहिल्यांदा सरकारी शिक्क्याने म्हटलं गेलं. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी केलेल्या एका अभ्यासात हिशेब मांडला गेला, की पुण्यातली एक कचरावेचक महिन्याला सरासरी २४६ रुपयांचं काम महापालिकेला फुकट करून देते. तिने वेचलेला माल तेवढा महापालिकेला उचलावा आणि वाहून न्यावा लागत नाही ना! मला हा आकडा फार आवडतो. खळ्यावर 'आम्ही देतो' असं म्हणणाऱ्यांना उलट बाजूचं खातं उघडून दाखवणारा आकडा आहे तो.

२००० सालच्या केंद्राच्या घनकचरा नियमांनी घरोघरी कचरा गोळा करणं शहरांना बंधनकारक केलं. तेव्हा अनेक शहरांनी मोठे ठेकेदार नेमले. पुण्याने निदान काही प्रमाणात वेगळी वाट धरली. कष्टकरी पंचायतीतूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी करार केला. त्या कराराची रचना बघण्यासारखी आहे. शुल्क थेट घरांकडून कचरा उचलणाऱ्यांना मिळणार, वर भंगार विकायचा हक्कही त्यांचाच, आणि व्यवस्थापनाचा व साधनांचा भार महापालिकेने उचलायचा. मालाची मालकी आणि मजुरी, दोन्ही एकाच हातात. २०१६ च्या नियमांनी तर सुका कचरा अधिकृत कचरावेचकांना किंवा पुनर्वापर करणाऱ्यांना द्यावा असं मोठ्या सोसायट्यांना स्पष्ट सांगितलं.

बलुतेदारीतही मेलेल्या जनावरावर हक्क होता, मग फरक काय? फरक एवढाच, पण एवढाच फार मोठा आहे. तिथे तो हक्क माणसाला बांधून ठेवायला होता. इथे तो बायकांनी स्वतः मागून घेतलाय, आणि नको झाला तर काम सोडून जाता येतं.

तिसरी ओळ: मुक्काम

'शास्त्रोक्त विल्हेवाट' हा शब्दप्रयोग ऐकला की आमच्याकडचं 'इट वर्क्स ऑन माय मशीन' आठवतं. कुठे, कशी, कुणी पाहिली, काही पत्ता नाही.

पुण्याचा कचरा पूर्वी कोथरूडला जायचा. पौड रस्त्यावर 'कचरा डेपो' हे ठिकाणाचं नावच पडलं होतं. कोथरूड वाढलं, तिथे फ्लॅट घेणारे आले आणि डेपोला नाकं मुरडली जाऊ लागली. डेपो हलला. पुढे त्या जागेवर मेट्रोचा डेपो झाला. बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव पालटतं म्हणतात, इथे जरा जास्त वर्षं लागली इतकंच.

पण उकिरडा संपला नव्हता, फक्त हलला होता. १९९० च्या दशकापासून शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत पडू लागला. विहिरींचं पाणी खराब झालं, वास आणि माश्या कायमच्या वस्तीला आल्या. गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा आंदोलनं केली, दर वेळी आश्वासनं घेऊन परतले. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला मोठी आग लागली आणि त्यानंतर तीन आठवडे त्यांनी कचऱ्याच्या गाड्या गावात येऊ दिल्या नाहीत. तेव्हा पुण्यातल्या चौकाचौकात ढीग साचले आणि शहराला कळलं, की आपल्या कंत्राटात एक तिसरा पक्ष पण आहे. त्याने सही कधीच केलेली नाही, त्याला पैसेही मिळत नाहीत, पण त्याच्या जिवावर सगळं चाललंय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ११ गावं महापालिकेत घेतली गेली, त्यात ही दोन्ही गावं होती. म्हणजे आधी कचरा गेला, मग शहर गेलं!

गावाकडचा माणूस म्हणून मला हे जास्त टोचतं. गावचा उकिरडा घराच्या मागे असायचा. त्याचा वास ज्याने केला त्यालाच यायचा, आणि त्याचं सोनंही त्याच्याच शेतात पडायचं. शहराने वास एकाला दिला आणि सोय दुसऱ्याला.

आता एक्सेलकडे

एवढं सगळं पुराण सांगून झाल्यावर तुम्ही म्हणाल, बाबा रे, कंत्राट कुणाला द्यायचं ते सांग. सांगतो. आधी हिशेब.

५५ रुपयेवाला ९६ फ्लॅटचे महिन्याला ५,२८० रुपये घेणार. दोन माणसं, रोज अडीच तास, तीस दिवस, म्हणजे दीडशे तास. भागाकार करा, तासाला साधारण ३५ रुपये. आठ तासांचे २८०. त्यातही टेम्पो, डिझेल आणि त्याचा नफा अजून काढलेला नाही. किमान वेतनाचा सरकारी तक्ता शेजारी ठेवला तर हे गणित जुळतच नाही. मग तो हे कसं जमवतो? तूट भरायच्या जागा तीनच आहेत. माणसाच्या पगारात, भंगाराच्या विक्रीत, नाहीतर वाहतुकीत, म्हणजे कुठल्या तरी ओढ्याच्या काठी गाडी रिकामी करण्यात. त्या तीन ओळी उगाच मोघम नव्हत्या. स्वस्त दर त्यांच्यातच दडला होता.

म्हणून शीटमध्ये तीन रकाने वाढवले. एक, काम करणाऱ्याला मिळणार किती, सुट्टी आणि विमा आहे का, आणि तो कुणाकडे तक्रार करू शकतो. दोन, सुका कचरा कुणाचा. तीन, ओला कचरा नेमका कुठे जातो, जागेचं नाव आणि पावती.

८० रुपयेवाल्यांच्या प्रस्तावात गेली सहा वर्षं आमच्याकडे येणाऱ्या मावशीच काम करणार आहेत आणि भंगारही त्यांचंच राहणार आहे. पहिला आणि दुसरा रकाना भरला. तिसरा रिकामा. ११० वाल्याने प्रक्रियेच्या जागेचं नाव दिलंय, पण माणसाबद्दल तो गप्प आहे. ५५ वाल्याचे तिन्ही रकाने कोरे, आणि त्याला काम दिलं तर मावशींचं काम आणि भंगार दोन्ही जाणार. तेव्हा कमिटीला मी लिहून दिलंय, की ८० वाल्यांना काम द्या आणि ओला कचरा आवारातच जिरवा. आपल्या बागेमागे जागा आहे, वाळलेला पाला आहे, खताचे खड्डे होतील. पहिल्या वर्षी त्यावर वेगळा खर्च येईल आणि पहिले दोन महिने वासावरून कुरकुर होईल, हेही लिहिलंय. कंत्राट एका वर्षाचं, आणि नोटीस दोन्ही बाजूंनी सारखीच, एक महिन्याची. मावशींनाही काम सोडायचं असेल तर त्यांचा थकलेला पगार अडवता येणार नाही असं कलम घातलंय.

काकांनी वाचून विचारलं, "फ्लॅटमागे २५ रुपये जास्त, लोकांना काय सांगायचं?"

मी म्हटलं, खर्च २५ ने वाढलेला नाही. तो आधीपासून होताच, फक्त दुसरं कुणीतरी भरत होतं. त्यांना ते कितपत पटलं ठाऊक नाही, पण शीट त्यांनी नोटीस बोर्डावर लावलंय, तिन्ही रकान्यांसकट. तुमच्याही सोसायटीचं कंत्राट सेक्रेटरीच्या कपाटात कुठेतरी असेलच. ते काढून या तीन ओळी एकदा शोधा.